कुणी हात लावला?

माझ्या घराच्या मागच्या खोलीत वारूळ आहे. नवं माणूस घरात आलं की विचारतं, आणि मी सांगतो, "आपोआप वाढलं. मोडायचं नसतं, म्हणून ठेवलंय." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या खोलीत पूर्वी कोण राहत होतं, असं कुणी विचारलं की मी चहाचं बघायला उठतो. कितीतरी वर्षं असाच उठत आलो. आता गुडघे उठू देत नाहीत, म्हणून लिहितो.

कुंभारवाडा गावाच्या पुढं जंगलात आमची वाडी. मी तिथला पोस्टमास्तर होतो. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पडवी, एक शिक्का आणि एक लहान तराजू. नोकरी संपली तेव्हा शिक्का आणि तराजू परत गेले आणि पडवी उरली. वाडीत कुणाला माझी गरज उरली नाही. अशा वेळी एका दुपारी बसच्या टपावरून काचेच्या बाटल्यांची अकरा खोकी उतरली आणि त्यांच्या मागून बाई उतरल्या.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडं अळंबीला अळमी म्हणतात, म्हणून वाडीत त्यांना सगळे अळमीबाई म्हणत, मी नुसतं बाई म्हणायचो. शहरात कुठल्याशा प्रयोगशाळेत अन्नपदार्थ तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींबरोबर दांडेलीजवळ कुळगीला जंगल बघायला आल्या असताना त्यांनी जाता जाता जीपमधून, वाटेवरच्या एका वाडीत, एक लहान मुलगी पाहिली. दिवेलागणीची वेळ होती. मुलगी स्वतःच्याच घराच्या भिंतीला हात लावत लावत दार शोधत होती. दिवसा तिला सगळं दिसायचं, उन्हं उतरली की काही नाही. बाईंनी वाघ बघितला की नाही कुणास ठाऊक. ती मुलगी मात्र त्या विसरल्या नाहीत. तिची वाडी शोधत त्या आमच्याकडं आल्या आणि माझ्या मागच्या खोलीत राहिल्या.

उंच, हाडकुळ्या, केस बारीक कापलेले. अंगात कायम पांढरा कोट, आणि पावसात त्यावर घोंगडीची खोळ. धुक्यातून त्या अळंबी शोधत यायच्या तेव्हा आधी खोळ दिसायची, मग कोटाचा पांढरा पट्टा, आणि पाय दिसायचेच नाहीत. पोरं पळायची. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. "पळतात म्हणजे दिसतंय त्यांना," असं म्हणायच्या.

दोन्ही हातांत घड्याळं. डाव्या हातातलं आपलं नेहमीचं. उजव्या हातातलं बाटल्यांचं. बाटल्या भरून झाल्या की त्या क्षणी उजव्या घड्याळाचे काटे बारावर आणायचे, आणि मग बाटल्यांचं आयुष्य तिथून मोजायचं. जेवण उभ्यानं. चहा मापाच्या काचेच्या भांड्यातून, रेघेपर्यंत. आणि रोज सकाळी फळीवरची एकेक बाटली उचलून ती कानाशी धरायची. हलवायची नाही, नुसती धरायची. माझ्या बायकोनं पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती दारातच थबकली.

"काय ऐकू येतंय, अक्का?"

"आतलं भांडण. तेलाचं आणि पाण्याचं."

"अगो बया! तेला-पाण्याची सोयरीक जमवालीया ही!" बायको मला म्हणाली. "आमच्यात पत्रिका जमून बी रोज भांडाण हाय."

बाई हसल्या नाहीत. "सोयरीक नाही जमत," म्हणाल्या. "मध्ये उभं राहणारं कुणीतरी लागतं."

ते मध्ये उभं राहणारं म्हणजे अळंबी. मी शिकलेला माणूस नाही, पण बाईंनी सांगितलं ते मला समजलं ते असं. रातांधळ्या मुलांना द्यायचं जीवनसत्त्व तेलात विरघळतं, पाण्यात नाही. नुसतं तेल मुलं थुंकून टाकतात. ताकात घातलं तर वर तरंगतं. एकाला सगळं जातं, दुसऱ्याला काहीच नाही. पण अळंबीचे देठ सोडा घातलेल्या पाण्यात शिजवले, पुन्हा पुन्हा धुतले आणि दगडी रगड्यावर दिवसचे दिवस वाटले, की डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. ते कण तेलाच्या थेंबाभोवती दाटतात.

"उळवीच्या जत्रेत रथाभोवती माणसं दाटतात ना, पोस्टमास्तर? तशी. दोन रथ असले आणि दोघांभोवती अशी गर्दी असली, तर रथ एकमेकांवर आपटतील का? नाही. तसं थेंबाला थेंब मिळत नाही. मग तेल वर येत नाही. पहिल्या चमच्यात जेवढं, तेवढंच शेवटच्या चमच्यात."

आमच्याकडं फ्रीज नाही, चार-चार दिवस वीज नाही. अशा घरात महिनाभर एका कोनाड्यात राहिली तरी फुटणार नाही अशी दुधासारखी पातळ वस्तू त्यांना हवी होती. चमचा किती, कुणाला, हे त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. भाताच्या पेंढ्यावर त्या अळंबी वाढवायच्या. टोप्या आम्ही भाजीला खायचो, देठ बाटलीत जायचे.

वाटायचं काम माझं. एका पावसाळ्यात माझ्या हाताला रगड्याचा असा सराव झाला की लगदा बोटांत धरून मी सांगू लागलो, झालं की नाही. बाई भिंगाच्या काचेखाली बघून खात्री करायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा हात माझ्या यंत्रापेक्षा खरा आहे." साठी उलटलेल्या, शिक्का गेलेल्या माणसाला हे वाक्य म्हणजे काय होतं ते मी सांगू शकत नाही. पुढं जे झालं ते या वाक्यामुळं झालं.

त्यांचे दोन कडक नियम होते. पहिला, लगदा वाळू द्यायचा नाही. कायम पाण्याखाली ठेवायचा, पाणी रोज बदलायचं. एकदा वाळला की कण एकमेकांना चिकटून बसतात. मग कितीही भिजवा, कितीही वाटा, दिसायला तसाच दिसतो, पण कण सुटत नाहीत. दुसरा नियम, भरलेल्या बाटल्या नऊ दिवस न हलवता फळीवर ठेवायच्या. नऊ दिवसांत गळ्याशी तेलाचा धागा दिसला नाही तरच त्या घरोघरी जायच्या. त्या नऊ सकाळी त्या मला तेच तीन प्रश्न विचारायच्या आणि उत्तरं वहीत तीन रकान्यांत लिहायच्या.

"किती वाजता? किती उष्ण? कुणी हात लावला?"

मी वेळ सांगायचो, भिंतीवरच्या नळीतला आकडा सांगायचो, आणि म्हणायचो, "कुणी न्हाई."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. ती भिंत चाचपणारी मुलगी शेवंताची थोरली. शेवंता वरच्या वाडीतली, घरात सासू आणि तीन मुलं. एका संध्याकाळी ती मुलगी दिवा न घेता गोठ्यात गेली आणि वासरू सोडून घेऊन आली. शेवंता ते सांगायला धावत खाली आली. बाईंनी उजवं घड्याळ बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं, मग कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. एवढंच.

दुसऱ्या आषाढात पेंढा कुजला. देठ नव्हते. बाईंनी वारुळावरची अळंबी घ्यायचं ठरवलं. वारुळावरची अळंबी म्हणजे आमच्याकडं साधी गोष्ट नाही. ती वारूळ देतं. हातानं घ्यायची, लोखंड लावायचं नाही, सगळ्यांत मोठी ठेवायची, आणि कशासाठी नेतो ते वारुळाला सांगायचं. शेवंताच्या सासूनं हे सगळं सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "लोखंड का नाही?"

"का ते वारुळाला ठावं. आमास्नी फकस्त न्हाई म्हणायचं ठावं हाय."

बाई नियमाच्या माणूस. कुणाचाही नियम असो, त्या पाळायच्या. वारुळापुढं उभ्या राहून खरंच म्हणाल्या, "मुलांच्या डोळ्यांसाठी नेते." पण पावसात त्यांच्या बोटांचे सांधे सुजायचे. ओले देठ हाताला येईनात. शेवटी त्यांनी कोटाच्या खिशातून सुरी काढली. म्हातारीनं ते बघितलं. पदर तोंडावर घेतला.

लगदा वाटून झाला आणि बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावला भाचीकडं गेल्या. दहा दिवस. जाताना म्हणाल्या, "ओला ठेवा."

तिसऱ्या दिवशी पातेल्यातून आंबूस वास येऊ लागला. पाणी बदललं, पुन्हा वास. बाहेर आठ दिवस उघाड नव्हती. आमच्याकडं वस्तू नासू लागली की ती वाचवायला एकच जागा असते: चुलीवर टांगलेली बांबूची ताटी. मासळी तिथं, आमसुलं तिथं, पुढच्या वर्षाचं बियाणं तिथं. ओलं म्हणजे गेलं, धुरात वाळलं म्हणजे राहिलं, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. बाईंचा नियम मला पाठ होता. पण माझ्या हाताला त्यापेक्षा जुना नियम पाठ होता. मी लगदा फडक्यावर पसरून ताटीवर ठेवला. बायकोनं खाली लाकडं सारली.

दोन दिवसांत त्याचे करडे पापड झाले. मी ते भिजवले, दोन दिवस रगड्यावर वाटले. बोटांत धरून बघितलं. हाताला काही कळलं नाही. म्हणजे तसाच लागला. बाई परत आल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. पातेल्यात बघितलं.

"कुठं वाळला नाही ना?"

"न्हाई, बाई."

पट्टीमुळं त्यांनी काचेखाली बघितलं नाही. माझ्या हातावर विश्वास ठेवला. बाटल्या भरल्या, काटे बारावर आणले.

सातव्या सकाळी मी त्यांच्या आधी खोलीत गेलो. शेवंताच्या बाटलीच्या गळ्याशी पिवळा धागा होता. केसाएवढा. मी बाटली उचलली आणि हलवली. धागा गेला. मग शेजारची हलवली. मग सगळ्याच हलवल्या.

बाई आल्या. एकेक बाटली कानाशी धरली. एका बाटलीपाशी त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. मग वही उघडली.

"किती वाजता? किती उष्ण?" मी सांगितलं. "कुणी हात लावला?"

"कुणी न्हाई."

आठव्या दिवशी तेच. नवव्या दिवशी तेच. दहाव्या दिवशी पिशवीत घालून बाटल्या मीच पोचवल्या.

शेवंताच्या सासूनं बाटली देवापुढच्या कोनाड्यात ठेवली आणि सोमवारपर्यंत कुणाला शिवू दिली नाही. सोमवारी उघडली तेव्हा वर बोटभर पिवळं स्वच्छ तेल जमलं होतं आणि खाली पाणी. आमच्याकडं दुधाची असो की कशाची, वरची साय घरातल्या सगळ्यांत लहानाला द्यायची रीत आहे. आणि वरचं काढल्याशिवाय भांडं ढवळायचं नाही. म्हातारीनं वरचं सगळं काढून सगळ्यांत धाकट्याला, अकरा महिन्यांच्या बाळाला, चाटवलं. तीन मुलांचं महिन्याभराचं एका बैठकीत.

बाळ रात्रभर ओकलं. सकाळी त्याची टाळू फुगून वर आली होती. जीप करून दांडेलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, औषध एकदम जास्त गेलंय. आठवड्यानं बाळ बरं होऊन घरी आलं. आज ते बरं आहे, शाळेत जातं. पण ते दांडेलीला होतं तेव्हाच बाईंनी भर पावसात घरोघर फिरून उरलेल्या बाटल्या परत आणल्या. सगळ्यांत तेल वर आलं होतं. त्या बाटल्या पडवीत मांडून बसल्या असताना म्हातारी आली. तिच्यामागं अर्धी वाडी.

"माझ्या नातवाला इख दिलंस गे!"

"विष नाही, आजी. पण चूक झाली आहे. कुठं झाली ते मला शोधू द्या." बाई उभ्या राहिल्या. मग सगळ्यांसमोर माझ्याकडं वळल्या. आवाज रोजच्यासारखाच. "पोस्टमास्तर, कुणी हात लावला?"

तेव्हा सांगायचं होतं. बायको चौकटीला टेकून माझ्याकडं बघत होती. लाकडं तिनं सारली होती. तिला सगळं माहीत होतं.

"कुणी न्हाई, बाई."

"लोखंडानं लावला हात!" म्हातारी ओरडली. "वारुळाला सुरी लावलीस न्हवं? आता शोधत बस!"

बाईंनी स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडं बघितलं. एवढ्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात त्या क्षणी काय शिरलं ते मी समोर उभा राहून बघितलं आणि शिरू दिलं. आयुष्यभर त्या एकेक कारण खोडत खऱ्या कारणापाशी जायला शिकल्या होत्या. खरं कारण मी काढून घेतलं. मग उरलं ते एकच, सुरीचं.

त्यानंतर आमच्या रानातली वारुळं पांढरी होऊ लागली. आज एक, उद्या दुसरं. सकाळी गुरं घेऊन जाणारी माणसं येऊन सांगायची, तिकडच्याला बी फासलंय. उरलेला लगदा बाई वारुळांना परत करत होत्या. बायका त्या वाटेनं जाईनात. लगदा संपला तेव्हा पांढरं होणं थांबायला हवं होतं, पण थांबलं नाही. ते पांढरं कुठून येत होतं, हे मला आजवर कळलं नाही. बाईंचं पातेलं कोरडं होतं. मी रोज बघत होतो.

एका संध्याकाळी मी त्यांच्या मागं गेलो. धुकं इतकं होतं की मला नुसता कोटाचा पट्टा दिसत होता. पहिलं वारूळ, जिथं सुरी लावली होती, तिथं त्या गुडघे टेकून बसल्या. मी जांभळीच्या आड उभा राहिलो. पाऊस थांबला होता, पानांवरून पाणी गळत होतं. जवळच्या कुजक्या ओंडक्यावर हिरवट उजेड होता. तसली अळंबी आमच्या रानात असते, तिचं मला भय नाही. भय वाटलं ते बाईंच्या आवाजाचं. तो रोजचाच होता.

"किती वाजता?"

मग त्या थांबल्या, जशा माझ्यासाठी थांबायच्या. मग वहीत लिहिलं.

"किती उष्ण?"

थांबल्या. लिहिलं.

"कुणी हात लावला?"

या वेळी त्या फार वेळ थांबल्या. कान वारुळाला लावला, बाटलीला लावायच्या तसा. मग मान हलवली, आणि काहीतरी छोटंसं लिहिलं. एकच शब्द असावा. वही मिटताना त्या वळून जांभळीकडं बघत होत्या. मला बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी पळालो. पोरांसारखा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "सांगून टाका की. ती काय गिळनार हाय तुमास्नी?"

"उद्या सांगतो."

"तुमचा उद्या म्हंजे उळवीचा रथ. वर्साला एकदा हलतो."

तो उद्या उजाडला तशी भाची आली. वाडीतल्या कुणीतरी तिला कळवलं होतं. बाई मुकाट्यानं गाडीत बसल्या, मांडीवर रिकामं पातेलं. उजव्या हातातलं घड्याळ चालू होतं. काटे त्यांनी त्या फसलेल्या बाटल्यांच्या वेळेवरच ठेवले होते. खोलीत एक बाटली राहिली, पहिल्या वर्षीची, चांगली.

दोन वर्षांनी मी बेळगावला गेलो. बायको वारली होती, आणि जाताना तिनं, बाईंना सांगून टाका, याखेरीज दुसरं काही मागितलं नव्हतं. बसमध्ये मी वाक्य घोकत होतो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, हातात ताकाचा पेला. पाणी आणि ताक वेगळं होताना बघत होत्या. भाची म्हणाली, "आत्या आता कुणाला ओळखत नाही." पण मी समोर बसल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला.

"पोस्टमास्तर. कुणी हात लावला?"

रोजच्या आवाजात. रागाचा लवलेश नाही. मी तोंड उघडलं. बसमध्ये घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि माझ्या तोंडून जे आलं ते बाटल्यांच्या त्या सकाळी रोज जे यायचं तेच आलं.

"कुणी न्हाई, बाई."

त्यांनी मान हलवली आणि पेला पुन्हा उचलला. त्याच वर्षीच्या थंडीत त्या गेल्या. मला भाचीचा फोन आला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मागच्या खोलीतल्या फळीखाली माती दिसली. मी मोडली नाही. आता ते माझ्या छातीएवढं आहे. ती चांगली बाटली अर्धी त्याच्या आत गेलीय. वरची काच बाहेर आहे आणि आतलं अजून दुधासारखं आहे. गळ्याशी धागा नाही. दर आषाढात अळंबी येते. मी काढत नाही.

बाटलीच्या मागं भिंतीला वही चिकटलेली होती. बाईंनी ती तिथं कधी ठेवली मला माहीत नाही. वाळवीनं ती खाल्ली होती. शेवटच्या पानावरचे पहिले दोन रकाने साफ गेले होते. तिसरा शिल्लक होता. बाईंचं अक्षर, सरळ, रेघेवर. कुणी हात लावला, याच्याखाली लिहिलं होतं:

"सांगेल."

म्हणजे मी, एक दिवस. त्यांना माहीत होतं. वारुळानं सांगितलं की बाटलीनं, की माझ्या तोंडावरूनच त्यांनी वाचलं, देव जाणे. बेळगावला त्यांनी मला विचारलं ते चूक शोधायला नव्हे. ते माझ्यासाठी होतं, मला सांगता यावं म्हणून.

काल पुन्हा अळंबी आली. सकाळी मी वारुळापुढं खुर्ची ओढून बसलो आणि तोंड उघडलं. झालं नाही. म्हणून इथं लिहितो, जिथं माझ्या तोंडाची गरज नाही.

बाई, हात मी लावला. लगदा मी वाळवला, चुलीवर. बाटल्या मी हलवल्या, तीन दिवस, तुम्ही यायच्या आधी. तुमच्या सुरीचा यात काही संबंध नव्हता. तुमचं गणित बरोबर होतं. मला माफ करा, बाई.